माळ्यावरचा रेडिओ : दिवे लागतात, डोळा हलतो, आवाज मात्र नाही

माळ्यावरचा | ६ जुलै २०१४

मंडळी, मे महिन्यात कराडच्या घराची कौलं चाळायची होती म्हणून माळा रिकामा केला. तेव्हा गोणपाटात गुंडाळलेला आजोबांचा रेडिओ खाली आला. लाकडी पेटी, दोन हात धरल्याशिवाय उचलत नाही. पुढे सोनेरी कापड, खाली पियानोच्या पट्ट्यांसारखी पाच बटणं. कंपनीचा बिल्ला कधीच पडून गेलाय, त्याची दोन भोकं तेवढी शिल्लक आहेत. मागचा पुठ्ठा काढला तर सहा व्हॉल्व्ह (ट्रान्झिस्टरच्या आधीच्या काळातल्या काचेच्या नळ्या) जागेवर. पुसून नंबर वाचले : ईसीएच ८१, ईएफ ८९, ईबीसी ८१, ईएल ८४, ईझेड ८० आणि पुढच्या बाजूला ईएम ८०.

घरात सांगतात ते असं : १९७८ साली बंद पडला, मिस्त्री येऊन बघून गेला, ‘व्हॉल्व्ह गेलाय, आता मिळत नाही’ म्हणाला, आणि पुढच्या दिवाळीला ट्रान्झिस्टर आला.

मी (शिव्या घाला, चालेल) सरळ पिन लावली. डायलचे दिवे लागले. अर्ध्या मिनिटाने हिरवा डोळा (तोच पुढचा ईएम ८०) उमलला. बटण फिरवताना एका जागी तो डोळा मिटतो, २४० मीटरच्या आसपास. पण आवाज शून्य. खरखर नाही, गुणगुण नाही. मागून पाहिलं तर उभ्या बारीक व्हॉल्व्हच्या पोटात एक जाळी लालभडक, आणि मेण वितळल्यासारखा वास. धाकटे काका मुंबईहून आले होते, शेजारीच उभे होते. त्यांनीच झटकन पिन ओढली.

एका दुकानदाराने सहाही व्हॉल्व्ह बदलायचे ९००० रुपये सांगितलेत. तो लाल झालेला ईएल ८४ एकटा कुठे मिळेल का?

जुना_मिस्त्री | ६ जुलै २०१४

पहिलं काम : पिन पुन्हा लावायची नाही. दुसरं काम : ते ९००० रुपये खिशात ठेवायचे.

तुम्ही निम्मं निदान स्वतःच लिहिलंय, फक्त ओळखलं नाहीत. डोळा मिटतो म्हणजे काय? त्याला डिटेक्टरकडून (रेडिओ लहरीतून आवाज वेगळा काढणारा भाग) व्होल्टेज जातं. स्टेशन जोरात आलं की डोळा मिटतो. म्हणजे एरियलपासून डिटेक्टरपर्यंत सगळं चालू आहे. ईसीएच ८१ जिवंत, ईएफ ८९ जिवंत, ईबीसी ८१ चा निदान डायोडचा भाग जिवंत, ईझेड ८० पुरवठा देतोय. छत्तीस वर्षं माळ्यावर राहून सहापैकी पाच कामावर हजर आहेत, आणि दुकानदार सहाही बदलायला निघालाय.

आता राहिला स्पीकरला जोर देणारा ईएल ८४. लाल झालेली जाळी म्हणजे त्याची स्क्रीन ग्रिड. ती लाल होते आणि स्पीकरमधून हम, म्हणजे गुणगुणसुद्धा येत नाही, या दोन गोष्टी एकत्र आल्या की माझा हात आधी आउटपुट ट्रान्सफॉर्मरवर (ईएल ८४ आणि स्पीकरच्या मधला) जातो. सेट बंद, पिन भिंतीपासून लांब. मोठ्या कंडेन्सरच्या डब्यावर दहा किलोओहमचा पाच वॅटचा रेझिस्टर काही सेकंद धरा, मग मीटरने तिथे शून्य व्होल्ट आहे याची खात्री करा. त्यानंतर ईएल ८४ च्या सात नंबरच्या पिनपासून ट्रान्सफॉर्मरच्या दुसऱ्या टोकापर्यंत ओहम मोजा. चारशे ते सहाशेच्या आसपास आलं तर मी चूक. मीटर नुसता ‘१’ (म्हणजे मोजण्याच्या पलीकडे) दाखवत बसला तर वाइंडिंग तुटलंय.

शंकेखोर | ६ जुलै २०१४

वाचनखूण साठवली. एक बाळबोध शंका : ट्रान्सफॉर्मर तुटला तर व्हॉल्व्ह थंड पडायला हवा ना? लाल का होईल?

जुना_मिस्त्री | ७ जुलै २०१४

शंका बाळबोध नाही, बाई. पुष्कळ मिस्त्री इथेच फसायचे.

कॅथोडमधून निघालेले इलेक्ट्रॉन एरवी जाळीच्या फटींतून पार होऊन अॅनोडवर पोचतात. ईएल ८४ मध्ये अॅनोडला साधारण ४८ मिलिअँप आणि वाटेतल्या स्क्रीनला जेमतेम साडेपाच. अॅनोडला व्होल्टेज येतं ते ट्रान्सफॉर्मरच्या तारेतून. ती तार तुटली की अॅनोडला ओढ राहत नाही. स्क्रीनला मात्र दुसऱ्या वाटेने अडीचशे व्होल्ट मिळतच असतात. मग निघालेली सगळी वरात स्क्रीनच्याच दारात थांबते. साडेपाच मिलिअँपसाठी केलेली बारीक तार, ती तापणारच. बघणाऱ्याला वाटतं व्हॉल्व्ह बिघडला.

आयटीतला_हमाल | ७ जुलै २०१४

सगळ्यांचा आदर ठेवून विचारतो, एवढा खटाटोप कशाला? पेटी झकास आहे. आतलं सगळं काढा, ब्लूटूथचा ८०० रुपयांचा बोर्ड आणि दोन स्पीकर टाका, फोनवरून गाणी वाजवा. मी एकाचं असंच केलंय, दिवाणखान्यात येणारा प्रत्येकजण विचारतो.

चपडीलाख | ७ जुलै २०१४

आणि आतलं सगळं कुठे टाकलंत? पत्ता द्या, मी भंगारवाल्याच्या आधी पोचतो. (हलके घ्या. पण पत्ता खरंच द्या.)

विजेचा_धक्का | ७ जुलै २०१४

माळ्यावरचे, मिस्त्रींनी मीटरचं सांगितलंय ते कराच. त्याच्या जोडीला आजच एक सिरीज बोर्ड करून ठेवा. जुन्या इलेक्ट्रिशियनकडे असायचा तोच : एक प्लग, एक होल्डर, त्यात ६० वॅटचा पिवळा बल्ब आणि त्याच्या पुढे सॉकेट. रेडिओ त्या सॉकेटवर लावायचा. चालू केल्यावर बल्ब क्षणभर झगमगून मंद झाला तर ठीक. झगमगतच राहिला तर आत शॉर्ट आहे, लगेच बंद करा. नुकसान होतं ते बल्बच्या प्रकाशात दिसतं, धुरात नाही. सीएफएल किंवा एलईडी लावू नका, त्याचा उपयोग नाही.

दुसरं म्हणजे मेन ट्रान्सफॉर्मरवर व्होल्टेज सिलेक्टर असेल, ११० पासून २४५ पर्यंतचे आकडे लिहिलेला. तो बहुधा २२० वर असेल. आपल्याकडे हल्ली २३० ते २४० येतं, तेव्हा २४५ वर आणा. सगळ्या व्हॉल्व्हच्या फिलामेंटवरचा ताण तेवढाच कमी.

आणि चालू सेटमध्ये हात घालायची वेळ आली तर डावा हात पाठीमागे. खिशात घातलात तरी चालेल. माझं नाव उगाच पडलेलं नाही.

माळ्यावरचा | १३ जुलै २०१४

रविवार मार्गी लागला. मिस्त्रीकाका, मीटर ‘१’ दाखवत बसला. ट्रान्सफॉर्मरची बाहेरची तार सुटली असेल या आशेवर कागद उचलून पाहिला. आत तार काळी पडलीय, एका जागी हिरवट.

दुसरी गंमत. विजेचा धक्का म्हणाले तसा सिलेक्टर शोधला, २२० वरच होता. त्याच्या शेजारी फ्यूज. काचेची नळी, आतली तार कधीच उडालेली, आणि नळीला बाहेरून सिगरेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळलेली! आमचे आजोबा सिगरेट ओढत नव्हते. निदान घरात सगळ्यांचा तसा समज आहे.

पेटीच्या तळाशी रेडिओ लायसन्सचं पुस्तकही सापडलं. पोस्टाची तिकिटं, दरवर्षीचा शिक्का, १५ रुपये.

चपडीलाख | १३ जुलै २०१४

हाहाहा, आजोबा ग्रेट. पुस्तक जपून ठेवा. आमच्या आत्याकडे लायसन्सचा तपासनीस आला की रेडिओवर गोधडी टाकून वर आजीला बसवायचे, असं ऐकलंय. आत रेडिओ चालू असायचा की बंद, यावर दोन मतं आहेत.

जुना_मिस्त्री | १३ जुलै २०१४

चांदी काढा आणि अर्ध्या अँपचा नवा काचेचा फ्यूज आणा. ते पहिलं.

ट्रान्सफॉर्मर का जळला ते शोधल्याशिवाय नवा बसवायचा नाही, नाहीतर वर्षभरात पुन्हा हाच धागा वर काढाल. माझा संशय एका कंडेन्सरवर आहे. ईबीसी ८१ च्या एक नंबर पिनवरून (तो अॅनोड) ईएल ८४ च्या दोन नंबर पिनवर (ती ग्रिड) एक कंडेन्सर जातो. ०.०१ मायक्रोफॅरडचा, बोटाएवढी नळी, वर मेण. आवाज पुढे सोडायचा आणि डीसी अडवायचा एवढंच त्याचं काम. त्याच्या आत कागद असतो. कागद ओल धरतो, मग डीसी पाझरायला लागतो.

तपासायचं असं : ईएल ८४ काढून ठेवा. सिरीज बोर्डावर सेट लावा, मिनिटभर थांबा, आणि रिकाम्या सॉकेटच्या दोन नंबर पिनवर चॅसीच्या (खालच्या पत्र्याच्या सांगाड्याच्या) हिशेबाने डीसी मोजा. तिथे शून्य हवं.

खाडीपलीकडे | १४ जुलै २०१४

धाग्यात घुसतोय, क्षमस्व. माझ्याकडेही एक आहे, पण त्यावर यूसीएच ८१, यूबीएफ ८९, यूसीएल ८२, यूवाय ८५ असे नंबर आहेत. मोठा ट्रान्सफॉर्मरच दिसत नाही. चोरीला गेला असेल का? वरच्याच कृतीने करू?

विजेचा_धक्का | १४ जुलै २०१४

थांबा! हात लावू नका. तुमच्या सेटला ट्रान्सफॉर्मर मुळात नसतोच. ‘यू’ने सुरू होणारे व्हॉल्व्ह म्हणजे एसी-डीसी सेट. देशात काही ठिकाणी घरात डीसी वीज यायची, आणि डीसीवर ट्रान्सफॉर्मर चालत नाही. म्हणून या व्हॉल्व्हच्या फिलामेंट एकामागे एक माळेसारख्या जोडून थेट मेनवर टाकल्यात. सगळ्यांना करंट एकच, १०० मिलिअँप. व्होल्टेज ज्याचं त्याचं : १९, १९, ५०, ३८. बेरीज १२६. उरलेलं एका मोठ्या रेझिस्टरमध्ये उष्णता होऊन जातं.

याचा अर्थ चॅसी थेट मेनच्या एका तारेला जोडलेली. पिन उलटी लागली की अख्ख्या चॅसीत फेज. बटणाचा स्क्रू उघडा पडला असेल तर त्यालाही. हे सेट आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरशिवाय (सेटला मेनपासून तोडून वेगळा ठेवणारा) उघडे चालवायचे नाहीत, आणि तो आहे म्हणूनही बेफिकीर व्हायचं नाही. तुम्ही वेगळा धागा काढा. इथे माळ्यावरच्यांच्या सेटला मेन ट्रान्सफॉर्मर आहे, दोन्हीची कृती एक समजून कोणी वाचू नये.

माळ्यावरचा | २० जुलै २०१४

सापडला! ईएल ८४ काढून दोन नंबर पिनवर मोजलं : १४ व्होल्ट. ईबीसी ८१ च्या अॅनोडवर ९०. ग्रिडपासून चॅसीला ६८० किलोओहमचा रेझिस्टर आहे.

पिन_नंबर_दोन | २० जुलै २०१४

(होय, आयडी याच पिनवरून घेतलाय.) गणित मांडू. ६८० किलोओहमवर १४ व्होल्ट म्हणजे साधारण २० मायक्रोअँप. कंडेन्सरवर उरतात ७६ व्होल्ट. म्हणजे त्याचा पाझर सुमारे पावणेचार मेगओहम. चांगल्या कंडेन्सरचा शेकडो, हजारो मेगओहम असायला हवा. कंडेन्सर कसला, रेझिस्टर झालाय तो. ईएल ८४ च्या ग्रिडला कॅथोडपेक्षा सात-सव्वासात व्होल्ट ऋण ठेवायचं असतं, इथे उलटा धन दाब. व्हॉल्व्ह वाट्टेल तेवढा करंट ओढणार आणि तो सगळा ट्रान्सफॉर्मरच्या केसाएवढ्या तारेतून जाणार.

जुना_मिस्त्री | २१ जुलै २०१४

बरोब्बर. आरोपी सापडला. आता नवा घाला, ०.०१, ६३० व्होल्टचा पॉलिएस्टर, पाच-दहा रुपयांत येतो. त्याच हिशेबात बाकीचे मेणवालेही सगळे बदला, एकेक करून. एक काढा, एक डाख द्या, मग दुसरा. सगळे एकदम कापून टाकलेत तर कुठली तार कुठली होती म्हणून रडत याल. मेनच्या दोन तारांमध्ये एखादा कंडेन्सर असेल तर तो काढून टाका. ठेवायचाच असेल तर त्या जागी एक्स २ वर्गाचाच लागतो, दुसरा चालत नाही.

मोठा डबा ५० अधिक ५० चा असेल. तो जागेवर दिसायला राहू द्या, पण तारा सोडवा आणि खालून ४७ मायक्रोफॅरड ४५० व्होल्टचे दोन नवे बसवा. ‘जास्त घातला की हम कमी’ म्हणून १०० किंवा २२० घालणारे भेटतील. ईझेड ८० च्या लगेच पुढचा कंडेन्सर ५० च्या वर न्यायचा नाही, त्या बिचाऱ्याची कॅथोड तेवढ्या धक्क्यासाठी केलेली नाही.

चपडीलाख | २१ जुलै २०१४

माझा एक आग्रह. जुन्या कंडेन्सरचं पोट गरम करून रिकामं करायचं, नवा छोटा त्यात बसवायचा, दोन्ही टोकं मेणाने बंद. खालून पाहिलं तरी सेट १९६० चाच दिसतो.

जुना_मिस्त्री | २१ जुलै २०१४

हौस असेल तर करा. माझ्या मते उगाचच. उद्या दुसऱ्या कोणी उघडलं तर त्याला जुना कोणता, नवा कोणता हे कळायला हवं. दुरुस्ती लपवायला ती काही चोरी नाही.

माळ्यावरचा | ३ ऑगस्ट २०१४

पुण्याला गेलो होतो, तापकीर गल्लीतून सगळे कंडेन्सर आणले. रविवार होता म्हणून जुन्या बाजारातही चक्कर मारली. आउटपुट ट्रान्सफॉर्मर मिळाला नाही, पण बीईएलचा (भारत इलेक्ट्रॉनिक्स) खोक्यातला ईएल ८४ दीडशे रुपयांत मिळाला, असू दे म्हणून घेतला.

वाइंडिंगवाल्याने मूळ ट्रान्सफॉर्मर ठेवून घेतलाय, गणपतीनंतर देतो म्हणाला. तोवर काही जुगाड?

जुना_मिस्त्री | ४ ऑगस्ट २०१४

आहे. ईएल ८४ ला समोर साधारण ५२०० ओहमचा भार हवा असतो. तुमचा स्पीकर ४ ओहमचा असेल. ५२०० भागिले ४ म्हणजे १३००, त्याचं वर्गमूळ ३६. म्हणजे ३६ ला १ असा ट्रान्सफॉर्मर. आता सांगा, २३० भागिले ६ किती?

पिन_नंबर_दोन | ४ ऑगस्ट २०१४

३८! अरे देवा. चार्जरमधला साधा ट्रान्सफॉर्मर!

जुना_मिस्त्री | ४ ऑगस्ट २०१४

साधा, पण छोटा नाही. ६ व्होल्ट २ अँपचाच घ्या. तो १२ वॅटचा, म्हणजे २३० च्या बाजूची तार जेमतेम ५० मिलिअँपची. आपल्याला तेवढंच लागतं. अर्ध्या अँपचा घेतलात तर त्याची तार बारीक असते, महिन्याभरात तुमच्या मूळ ट्रान्सफॉर्मरच्या शेजारी जाऊन बसेल.

आणखी एक. त्याच्या पत्र्याच्या पट्ट्या एक उलट, एक सुलट अशा गुंफलेल्या असतात. एसीला ते उत्तम. इथे मात्र तारेतून सतत डीसी जाणार, त्याने लोखंड तुडुंब भरतं आणि खर्ज मरतो. तेव्हा पट्ट्या सोडवून ‘ई’ आकाराच्या सगळ्या एका बाजूला, ‘आय’ सगळ्या दुसऱ्या बाजूला, मध्ये वहीच्या कागदाची एक घडी, आणि वरून घट्ट आवळायचं. वार्निशने चिकटलेल्या असतात, पहिली पट्टी निघेपर्यंत पूर्वज आठवतात. बाकीच्या मुकाट येतात.

डायलपुसण्या | ५ ऑगस्ट २०१४

आयडी बघून हसू नका, हे प्रायश्चित्त आहे. माझ्या सेटची काच मी काच पुसायच्या फवाऱ्याने पुसली. मागच्या बाजूने छापलेली सगळी नावं, सिलोनपासून दिल्लीपर्यंत, फडक्यावर आली. ती छपाई जुन्या रंगाची असते, पाण्यानेही सुटते. काचेची पुढची बाजू खुशाल पुसा. मागची बाजू फक्त कोरड्या मऊ ब्रशने, तोही धीराने. आता माझ्या रेडिओवर कुठलंही स्टेशन कुठेही लागतं.

माळ्यावरचा | १० ऑगस्ट २०१४

बोलला!!

आधी जुगाड ट्रान्सफॉर्मर पट्ट्या न सोडवता लावला होता, आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा. काल संध्याकाळ पट्ट्यांत गेली. पूर्वज खरंच आठवले. स्पीकरचा कागद एका जागी फाटला होता, तिथे पतंगाचा कागद आणि पातळ केलेला फेव्हिकॉल. ईएल ८४ आधी जुनाच बसवला आणि कॅथोडवर मोजलं : १५० ओहमवर ७ व्होल्ट. म्हणजे ४७ मिलिअँपच्या आसपास, ना? छत्तीस वर्षांपूर्वी ‘गेलेला’ व्हॉल्व्ह तो हाच. नवा खोक्यातच आहे.

सिरीज बल्ब मंद झाला, डोळा उमलला, काटा २४० मीटरवर नेला आणि सांगली. १२५१ किलोहर्ट्झ. बातम्या चालू होत्या. आवाजाला अंग आहे हो, मोबाइलसारखा कानात टोचत नाही.

आता तक्रार. पुणे लागत नाही. आमच्या ट्रान्झिस्टरवर पुणे ७९२ इथे दिवसा स्वच्छ येतं. या रेडिओवर साधारण ३२० मीटरच्या पुढे अर्धा डायल मुका. खरखरसुद्धा कमी होते. ईसीएच ८१ गेला का?

आयटीतला_हमाल | १० ऑगस्ट २०१४

अभिनंदन! (आणि माझा मुद्दा मागे. पूर्ण नाही, अर्ध्या डायलपुरता.)

जुना_मिस्त्री | ११ ऑगस्ट २०१४

पुन्हा व्हॉल्व्हवर आलात!

ईसीएच ८१ च्या एका काचेत दोन व्हॉल्व्ह आहेत. त्यातला ट्रायोड ऑसिलेटर असतो. तुम्ही जे स्टेशन लावाल त्याच्यापेक्षा ४५५ किलोहर्ट्झ वर तो स्वतःची लहर काढतो. ती बंद पडली की सेट बहिरा. ऑसिलेटर अशक्त झाला की आधी डायलच्या लांब लहरींच्या टोकाला दम टाकतो. तुमची लक्षणं नेमकी तीच. पण अशक्त का, ते बघायचंय.

आणि ते बघायला यंत्र लागत नाही, तुमच्याकडे सांगली आहे. ट्रान्झिस्टर या रेडिओला चिकटून ठेवा, त्याच्यावर सांगली लावा. मोठ्या रेडिओचा काटा हळूहळू ३७७ मीटरवरून न्या. तिथे ७९६ किलोहर्ट्झ. त्यात ४५५ मिळवा.

पिन_नंबर_दोन | ११ ऑगस्ट २०१४

१२५१! म्हणजे ऑसिलेटर चालू असेल तर तो बरोबर सांगलीवर जाऊन बसणार आणि ट्रान्झिस्टरमध्ये शिट्टी येणार. मिस्त्रीकाका, साष्टांग.

माळ्यावरचा | १७ ऑगस्ट २०१४

शिट्टी नाही. काटा पुढे-मागे दहा वेळा नेला, ट्रान्झिस्टरमध्ये सांगली आपली निवांत चालू. म्हणजे तिथे ऑसिलेटर खरंच बंद.

मग ट्रायोडच्या अॅनोडला (आठ नंबर पिन) जाणारा रेझिस्टर एक टोक सोडवून मोजला. रंगपट्टे नारिंगी-नारिंगी-नारिंगी, म्हणजे ३३ किलोओहम. मीटर म्हणतो ७१! नवा घातला. सेट चालू केला, ट्रान्झिस्टर शेजारी, काटा ३७७ कडे. बारीक शिट्टी सुरू झाली, खाली खाली उतरत गेली, गप्प झाली, आणि पलीकडे पुन्हा चढली. आजी आतून ओरडली, ‘कुकर बंद कर रे!’

काटा आणखी केसभर पुढे नेला आणि पुणे लागलं. व्हॉल्व्ह सगळे तेच, सहाच्या सहा.

शंकेखोर | १७ ऑगस्ट २०१४

कुकर!!! हा धागा मी नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवतेय. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

माळ्यावरचा | ५ सप्टेंबर २०१४

वाइंडिंगवाल्याने ट्रान्सफॉर्मर अजून दिलेला नाही, जुगाडावरच चालू आहे. सांगायचं वेगळंच.

गौरीच्या जेवणाला सगळे जमले होते. रेडिओ मधल्या घरात ठेवला होता, विविध भारतीच्या वेळेला पोरंसुद्धा भोवती. मी हौसेने ती फ्यूजची नळी ताटलीत ठेवून आजोबांच्या सिगरेटची गोष्ट सांगायला घेतली. आजी शांतपणे म्हणाली, ‘ह्यांनी आयुष्यात सिगरेट धरली नाही.’ आणि धाकट्या काकांकडे बघितलं.

काका तेव्हा १९ वर्षांचे. १९७८ चा पाकिस्तान दौरा, कराचीची कसोटी. लाइट जात-येत होती. एकदा आली आणि रेडिओ बंदच. आजोबा शेतावर. काकांनी उडालेला फ्यूज बघितला, आपल्याच पाकिटातली चांदी गुंडाळली, कॉमेंट्री पुन्हा सुरू. आपण सामना हरलो. दोन-चार दिवसांत रेडिओचा आवाज कायमचा गेला. काकांना तेव्हापासून वाटतं की रेडिओ त्यांनी मारला. आजोबांना शेवटपर्यंत सांगितलं नाही. जुलैत मी पिन लावली तेव्हा वासाबरोबर त्यांना सगळं आठवलं, म्हणून ती पिन ओढली होती.

मिस्त्रीकाका, चांदीमुळेच झालं का हो हे?

जुना_मिस्त्री | ५ सप्टेंबर २०१४

काकांना एक विचारा : आवाज घोगरा कधीपासून येत होता? चांदीच्या आधी की नंतर?

माळ्यावरचा | ५ सप्टेंबर २०१४

फोन केला. दसऱ्यापासूनच घोगरा होता म्हणे, आजोबा कुरकुरत होते. कसोटी त्यानंतर महिन्याभराने.

जुना_मिस्त्री | ६ सप्टेंबर २०१४

मग काका सुटले. घोगरा आवाज म्हणजे तो ०.०१ चा कंडेन्सर दसऱ्यालाच पाझरत होता.

हिशेब सांगतो, त्यांना वाचून दाखवा. हा सेट निरोगी असताना साधारण ५० वॅट घेतो. २३० व्होल्टला ते झाले २२० मिलिअँप. ईएल ८४ ने दुप्पट, म्हणजे ५० मिलिअँप जास्तीचे ओढले असं धरू. अडीचशे व्होल्टला ते साडेबारा वॅट. मेनच्या बाजूला वाढ किती? जेमतेम ५५ मिलिअँप. एकूण २७५. फ्यूज अर्ध्या अँपचा, ५०० चा. त्याला पत्ताही लागला नसता. नवाकोरा फ्यूज असता तरी आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळायचा तो जळलाच असता. मेनचा फ्यूज त्याच्यासाठी नसतोच.

मूळ फ्यूज उडाला तो लाइटच्या खेळामुळे. लाइट जाऊन लगेच आली की ईझेड ८० गरमच असतो, आणि रिकामे झालेले कंडेन्सर एका दमात भरायला धावतात. जुना फ्यूज त्यात जातो.

चांदीने धोका होता तो मेन ट्रान्सफॉर्मरला आणि घराला. नशिबाने ते दोन्ही वाचले. नशिबावरून आठवलं : काचेचा नवा फ्यूज आणून बसवलात का? १३ जुलैला सांगितलंय, नंतरच्या एकाही प्रतिसादात त्याचा उल्लेख नाही.

माळ्यावरचा | ६ सप्टेंबर २०१४

सिरीज बल्बवर चालतोय ना, म्हणून राहिला. उद्या आणतो.